डबल केबिन खरेदीशास्त्र (दाजींच्या उपयोगासाठी)

बोलेरो कॅम्पर घ्यावी की टाटा योद्धाची क्रू केबिन, हा प्रश्न सोडवण्याची घाई करू नये. आमच्या दाजींनी तो मागच्या गळीत हंगामात हाती घेतला. आता कारखान्यात पुढच्या हंगामाची मोळी पडायची वेळ आली, तरी दोन्ही पत्रकं त्यांच्या खिशात आहेत.

नियम पहिला : आकडे मोठ्याने वाचावेत. कॅम्परचं इंजिन 2523 सीसी, ताकद 75 अश्वशक्ती. योद्धाचं 2179 सीसी, ताकद 100. मोठ्या इंजिनाला घोडे कमी कसे, यावर पानपट्टीवर निदान तासभर चर्चा व्हावी. खरं तर भरल्या गाडीला चिखलातून पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढतो तो टॉर्क. तो कॅम्परचा 200, योद्धाचा 250. म्हणजे कागदावर निकाल लागलाच. पण दाजी म्हणतात, "कॅम्परचं स्पेअर कुठंबी मिळतंय." झालं, चर्चा परत पहिल्यापासून.

नियम दुसरा : वजन गुळात मोजावं. आपल्याकडचा रवा 30 किलोचा. कॅम्पर एक टनाची, म्हणजे 33 रवे. मागच्या सीटवर चार पैलवान बसवले की रवे तेवढे कमी करावेत, हे कोणताही सेल्समन सांगत नाही. डबल केबिनचा हौदा आखूड असतो, हेही तो सांगत नाही. ऊस फाळक्याबाहेर लोंबायला लागला की कळतं.

नियम तिसरा : रंग पांढरा.

नियम चौथा, सर्वांत महत्त्वाचा : मोकळी गाडी हायवेला फिरवून परत येऊ नये. मागचे पाटे टनभर ओझ्यासाठी बनवलेले. मोकळी पिकअप खड्ड्यात उडतेच. गाडी भरून जोतिबाच्या घाटात न्यावी, उतरताना ब्रेक बघावा. मुख्य म्हणजे मागच्या सीटवर घरातलं सगळ्यात स्पष्टवक्तं माणूस बसवावं. आम्ही आक्काला बसवलं. पाठ सरळसोट, पाय दुमडलेले. वडणग्यापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "ह्यात तुमीच बसा मागं." एवढ्या नेमक्या शब्दांत एकाही पत्रकाने माहिती दिलेली नाही.

नियम पाचवा : पासिंग. मालगाडी घेतली की पिवळी पाटी आणि फिटनेस आलाच. पांढऱ्या पाटीची हौस असेल तर इसुझू व्ही-क्रॉस आहे, टोयोटा हायलक्स आहे. हायलक्सला फॉर्च्युनरचंच 2.8 लिटरचं इंजिन आहे. किंमत ऐकून दाजींनी शोरूममध्ये दुसरा चहा मागवला.

नियम सहावा : सल्ला शिवाजी उद्यमनगरात घ्यावा, तालमीत नको. तालमीत सगळे रुबाबावर बोलतात. मिस्त्रीला एवढंच विचारावं, क्लचप्लेट कुणाची लवकर जाते आणि सामान यायला किती दिवस लागतात.

हे सगळं लिहायचं कारण असं, की माझे सगळे रविवार ह्या तुलनेत गेले. दाजींना बोलायची मात्र सोय नाही. त्यांची जुनी टाटा दोनशे सात पिकअप रात्री-अपरात्री गल्लीतल्या प्रत्येकाच्या बाळंतपणाला धावलेली आहे, आणि डिझेलचे पैसे त्यांनी कुणाकडे मागितलेले नाहीत. म्हणून तर त्यांना मागची सीट हवी.

तेव्हा निकाल असा. रोज चार माणसं बसणार नसतील तर सिंगल केबिन घ्यावी, हौदा मोठा मिळतो. बसणारच असतील तर योद्धा. आणि दाजी, दसऱ्याच्या आत बुकिंग करा; येत्या रविवारी मी शोरूमला येणार नाही.