तिकीट काढून आपलाच जिल्हा

मालवणी माणूस आपला जिल्हा तीन निमित्तांनी बघतो: लग्न, जत्रा आणि कोर्टाची तारीख. लग्नाला गेला की पंगत बघतो, जत्रेला गेला की दशावतार आणि तारखेला गेला की समोरच्या भावकीचा वकील. काहीही काम नसताना नुसतंच बघायला म्हणून कुठे जावं, ही कल्पना आमच्याकडे बाहेरून आली. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ ला, आणि १९९७ मध्ये तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयातच त्याला पाहुण्यांच्या सरबराईला लावलं. घरातल्या माणसांना मात्र हे कोणी समजावून सांगितलं नाही. ती अजून पडवीत बसून रस्त्याने जाणाऱ्या बसकडे बघतात, आणि बसमधली माणसं त्यांच्याकडे.

तेव्हा आमच्याकडे आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी 'हस्तकला आणि खाद्यसंस्कृती, एक दिवसाची सहल' अशी जागा राखून ठेवली, त्यातल्या दोघांनी आदल्या रात्री तिसऱ्या वाटीभर मोरी मटणाने अंथरूण धरलं, आणि पैसे परत मिळणार नाहीत असं कळलं, तेव्हा त्या जागांवर काकीला आणि मला बसवण्यात आलं. काकीचा पहिला प्रश्न रास्त होता.

"पैशे देवन घावणे बघूक?"

घावणे बघायचेच होते. सहलीची सुरुवात कुडाळजवळच्या एका घरात न्याहारीने होती. चुलीवर बिडाचा तवा, कांद्याचं बूड तेलात बुडवून तव्यावरून फिरवलेला हात, वाटीतून गोल सोडलेलं तांदळाचं पातळ पीठ, आणि ते पडताक्षणी उठणारी जाळी. पुण्याची मंडळी फोन धरून चुलीभोवती कोंडाळं करून उभी. आमचा वाटाड्या, कुडाळचाच एक चुणचुणीत मुलगा, म्हणाला, "हे लाईव्ह घावणे." काकी माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "मगे आमी आजपर्यंत खाल्लव ते मेलेले होते काय?"

पण मग एक गंमत झाली. पुण्याच्या वहिनींनी त्या घरच्या बाईंना विचारायला सुरुवात केली. तांदूळ कुठला? किती वेळ भिजवता? पीठ रात्रभर ठेवता का? पहिला घावणा तव्याला का चिकटतो? त्या बाई एकेका प्रश्नाला उलगडून उत्तर देत होत्या, आणि उत्तर देता देता त्यांचा चेहरा बदलत गेला. मी जन्मभर घावणे खात आलोय; आईला, आजीला, काकीला यातला एकही प्रश्न कधी विचारला नाही. घरच्या बाईला 'हे कसं करतेस' असं विचारलं तर ती म्हणणार, "कित्याक? बरा झाला नाय?" घरात प्रश्न म्हणजे तक्रार. तिकीट काढलं की मात्र तोच प्रश्न कौतुक होतो. माझ्या मते त्या सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले होते, पण पुण्याच्या पाहुण्यांसमोर पैसे वसूल झाल्याचं सकाळी नऊला कबूल करणं धोक्याचं असतं.

तिथून पिंगुळी. पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या अशा कला पिढ्यान्‌पिढ्या जपत आलेत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. संस्थान गेलं, आश्रय गेला, पोथ्या उरल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याचे भाऊजी हे ऐकून फार हळहळले, की असं काही आपल्याकडे हवं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची चित्रं आहेत आणि भाऊजींचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. पाहुणा तो पाहुणा.

चित्रकथीची पोथी बांधलेली नसते. सुटे कागद, एकेका कागदावर एकेक प्रसंग. जाड रेषेची, टपोऱ्या डोळ्यांची माणसं, बहुतेक एका बाजूने दिसणारी. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, गातो, बोलतो, आणि साथीदार टाळ, हुडूक सांभाळत हुंकार भरतो. देवळात ही कथा रात्र रात्र चालायची. सहलीत तिला अर्धा तास. त्यामुळे त्या दिवशी रामायण पंचवटीत सुरू झालं, सोन्याचं हरीण आलं, राम गेला, लक्ष्मण गेला, रावण आला, सीतेला घेऊन उडाला, आणि वाटाड्याने घड्याळ बघून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

सगळे उठले. काकी उठली नाही.

"काकी, चला. फुडे सावंतवाडी आसा."

"सीतेक रावणाच्या घराकडे ठेवन आमी जातलव?"

वाटाड्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. काकीच्या लहानपणी तिच्या गावच्या देवळात हीच कथा पहाटेपर्यंत चालायची. मधेच उठून जाणं म्हणजे सीतेला खरोखरच सोडून जाणं, अशी तिची पक्की समजूत. सांगणाऱ्या बुवांना मात्र बरं वाटलं असावं. त्यांनी मांडी पुन्हा घातली, पोथीतले मधले कागद भराभर बाजूला केले आणि मारुतीचं चित्र काढून पुढे धरलं. मारुतीने अंगठी दिली, सीतेने ओळखली, काकीने पदराने डोळे पुसले. सहल पाऊण तास मागे पडली ती दिवसभर मागेच राहिली. पुढे वाटाड्या प्रत्येक ठिकाणी आधी काकीकडे बघून मग टाळ्या वाजवायचा.

सावंतवाडीला पोचलो तेव्हा मोती तलावावर ऊन चढलं होतं. राजवाड्यात गंजिफा. हा खेळ मुळात इराणकडून आला, मोगल दरबारात रमला आणि दक्षिणेत उतरल्यावर त्याने दहा अवतार घेतले. दशावतारी गंजिफेत १२० पानं: दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पानं गोल. पिसता येत नाहीत म्हणून चादरीवर पसरून कालवायची. खेळणारे तिघं. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाची, दिवेलागणीनंतर कृष्णाची. अर्ध्या अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत तीच सगळ्यांत खालची. भाऊजी बँकेतून निवृत्त, ब्रिजमध्ये मुरलेले. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जाणकारपणे विचारलं, "हुकूम कुठला?"

हुकूम नसतो. या खेळात हुकूमच नाही. कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवायचं आणि त्या जिवावर जिंकायचं. भाऊजींचा चेहरा असा झाला की त्यांचा कुणीतरी मानेचा आधारच काढून घेतलाय.

ही कला आज दिसते ती सावंतवाडीच्या राजघराण्यामुळे. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांच्या काळात गंजिफा करणारे हात जवळजवळ संपत आले होते. सत्त्वशीलादेवी माहेरच्या बडोद्याच्या गायकवाड; त्यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून हे काम शिकून घेतलं आणि राजवाड्याच्या दरबारातच रंगकाम सुरू केलं. मला यातला उलटेपणा फार आवडतो. राणी चिताऱ्याची शिष्या झाली. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खडूचा हात देऊन, घोटून पान तयार व्हायचं आणि मग त्यावर बोटभर जागेत नरसिंह बसवायचा. आता बहुतेक पानं कागदी पुठ्ठ्याची असतात, नरसिंह मात्र हातानेच बसतो. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं. काकीने एका कारागीर मुलीला विचारलं, "बाय, डोळे दुखणत नाय काय गो तुझे?" सहलीतल्या कुणालाही न सुचलेला हा प्रश्न होता. दुखतात, असं त्या मुलीने सांगितलं.

चितार आळीत लाकडाची फळं. आंबा, केळी, डाळिंब, अननस, सीताफळ, खऱ्याला मागे टाकणारी. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, कातायला सोपं. कोकणात हे झाड कुंपणाला लावतात आणि सहसा कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. त्याचं केळ्यात रूपांतर झालं की मात्र पिशवीत जपून ठेवतात. काकीने लाकडी केळ्यांचा फणा हातात घेतला, उलटासुलटा केला, किंमत ऐकली. "लाकडाच्या केळ्याक बरो दर आसा. खऱ्या केळ्याक कोण इचारीत नाय."

इथे मला मेक्सिको आठवलं, आणि त्याचं कारण जेवण वेळेवर न मिळणं हे आहे. पोटात आग पडली की माणूस जगाचा विचार करतो. मेक्सिकोच्या ओहाका प्रांतात अशाच दिवसभराच्या सहली निघतात. एका गावात गालिचे विणताना बघायचे, दुसऱ्यात काळ्या मातीची भांडी, तिसऱ्यात कोपालच्या मऊ लाकडातून कोरलेले भडक रंगांचे चित्रविचित्र प्राणी, आणि शेवटी मिरच्या, बिया, मसाले वाटून केलेला 'मोले' नावाचा दाट रस्सा. हे रंगीत प्राणी बघून लोक त्यांना हजार वर्षांची परंपरा समजतात. प्रत्यक्षात त्यांचा उगम विसाव्या शतकात मेक्सिको शहरातल्या पेद्रो लिनारेस या कागदाच्या लगद्याचं काम करणाऱ्या कारागिराच्या आजारपणातल्या स्वप्नात झाला, असं सांगतात. मेक्सिकोच्या स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या मालवणी मसाल्याला अजून घेतलेलं नाही, पण त्यातली मिरची मूळची तिकडचीच. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि आमच्या फडताळात येऊन बसली. काजू ब्राझीलचा. बटाटा अँडीजच्या डोंगरातला. आमचं म्हणावं असं, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतच रुजलेलं, ते कोकम आणि तिरफळ. काकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मिरची आणूक कोण पण आणील, पण ती खोबऱ्यावांगडा भाजूक कोणी शिकवल्यान? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जेवायला तीन वाजले. कोंबडी वडे, सोलकढी, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, आणि मत्स्याहारींसाठी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. जेवणाबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही खाल्लं त्यांना सांगून छळायला नको. फक्त एवढंच, की पुण्याच्या वहिनींनी सोलकढी जेवणाआधी सूप म्हणून पिऊन टाकली आणि काकीने त्यांची वाटी न बोलता पुन्हा भरली. न बोलता, हे महत्त्वाचं.

जेवणानंतर 'शिरवाळे अनुभव' होता. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे, खाली शेवया पडतात, त्या नारळाच्या गुळमट रसाबरोबर खायच्या. गोळा थंड झाला की साचा हलत नाही, म्हणून हे एकट्याचं काम नव्हे. यजमानीण बाईंची सून माहेरी गेलेली. पाहुण्यांपैकी एक तरुण पुढे आला, दांड्यावर लोंबकळला, त्याचे पाय जमिनीवरून सुटले, शेवई काही सुटली नाही. काकी सकाळपासून हात मांडीखाली दाबून बसली होती. आता तिला राहवेना. पदर खोचून ती उठली, त्या मुलाला बाजूला केलं, दांड्यावर हाताने जोर न देता सगळं अंग टाकलं, आणि शेवया सरसर खाली आल्या. बाईंनी हातातलं केळीचं पान फिरवत त्या झेलल्या. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या, पण मिनिटभरात त्यांचा असा ताल जमला की बोलायची गरज उरली नाही. बाकीच्यांचे फोन वर आले. एका मुलीने विचारलं, "आजी, हे तुम्ही किती वर्षांपासून करता?"

काकीने साचा उचलला, उरलेलं पीठ बोटाने पुसून घेतलं आणि त्या मुलीकडे नीट बघितलं. आमच्या घरी कुणी तिला असं कधी विचारलं नव्हतं. मी तरी नाही. "लग्न होवन इलंय तेवापासून," ती म्हणाली, आणि पुढे बोलतच राहिली: सासूने पहिल्यांदा साचा दाबायला लावला तेव्हा तो कसा उलटला, पीठ फार उकडलं की काय होतं, कमी उकडलं की काय होतं, रसात वेलची कोण घालतं आणि कोण घालत नाही. मी हे सगळं त्या मुलीच्या खांद्यावरून ऐकत होतो.

मालवणला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सिंधुदुर्ग किल्ला बंदरावरूनच दाखवण्यात आला. शेवटची होडी गेलेली. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं, हे वाटाड्याने घाईत सांगितलं, आणि आम्ही आल्याचा वास येणारी गुळाची खाजी घेऊन बसमध्ये चढलो.

परतीच्या वाटेवर काकीने तिची स्वतःची सहल जाहीर केली. सुरुवात पहाटे पाचला, विहिरीवरून पाणी आणण्यापासून. मग गोठा. मग तांदूळ निवडणं. दुपारी मासे साफ करणं, खवल्यांसकट. फोटो काढायचा असेल तर आधी भांडी घासायची, कारण खरकट्या हाताने फोटो बरा येत नाही. रामायण लावलं तर सीता परत येईपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि दर वाटाड्यापेक्षा दुप्पट, कारण वाटाड्या नुसता बोलतो.

पुण्याच्या वहिनींनी तिथल्या तिथे दोन जागा सांगून ठेवल्या. त्यांची एकच चौकशी होती, की जेवणात तळलेल्या सुरमईचे तुकडे माणशी किती.

"येतलात तेवा कळतला," काकी म्हणाली. "आदी पाणी भरा."