दक्षिणकाशीतली विंडोज

तापी आणि गोमाई जिथे भेटतात, त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावाला दक्षिणकाशी म्हणतात. काशी करून आलात तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इथे मानतात. संगणकात नवी विंडोज टाकणाऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही. विंडोज टाकणं ही काशी. ती तासाभरात उरकते. मग दिवसभर प्रिंटरचा ड्रायव्हर शोधायचा, ही प्रकाशा.

संगमावर अस्थी घेऊन येणाऱ्यांची गावाला सवय आहे. विंडोज 10 चा मुहूर्त मात्र हुकला. सर्वपित्री अमावास्या 21 सप्टेंबर 2025 ला झाली आणि मायक्रोसॉफ्टने या दहा वर्षांच्या जिवाची सेवा थांबवली 14 ऑक्टोबरला! घरगुती ग्राहकांना सुरक्षेची वाढीव सोय दिली तीही वर्षभराची, म्हणजे वर्षश्राद्धापुरती. वारस विंडोज 11 तर उंबऱ्यावरच अडून बसतो. आधी टीपीएम 2.0 दाखवा, म्हणतो. ठणठणीत चालणाऱ्या जुन्या संगणकाकडे नेमका हाच दाखला नसतो.

नव्याला इथली माणसं बुजतात म्हणावं, तर देशातलं पहिलं आधार याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं. दहा बोटं नि दोन डोळे लोकांनी बिनतक्रार यंत्रापुढे धरले. उलट 2012 मध्ये विंडोज 8 ने स्टार्टचं बटण काढलं, तेव्हा साऱ्या जगाने गळा काढला आणि वर्षभरात ते परत आणवलं.

आता बाजारातला एक डीटीपीवाला घ्या. त्याच्याकडे अजून एक्सपी आहे. 2014 मध्येच तिची सेवा संपली, पण पेजमेकर तिच्यावर चालतो आणि जुने मराठी फॉन्टही. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसलेली. फॉन्ट गेला की खुर्च्या तेवढ्या दिसतात. एकदा हौशी भाच्याने नवी विंडोज टाकली. लग्नपत्रिका उघडली, तर गणपतीच्या जागी कंस, डॉलर आणि दोन स्वल्पविराम. नवरदेवाच्या नावात टक्क्याचं चिन्ह.

वरबाप वाकून बघत म्हणाले, “हाई काय शे, भो?”

“नवीन विंडोज शे, नाना.”

“मंग जुनीच लाव. लगीन रविवारले शे.”

भाच्याने निमूटपणे एक्सपी परत टाकली. पडद्यावर कॅलिफोर्नियातली ती हिरवी टेकडी उगवली, आणि पत्रिकेत गणपती आपल्या जागी येऊन बसला.