गडग्याचा वाद : जोपासना आणि संवर्धन

वडिलोपार्जित मालमत्तेचे वाटप झाले की प्रत्येकाच्या वाट्याला तुकडाच येतो. एकाला चार कलमे, दुसऱ्याला विहिरीचा चौथा हिस्सा, तिसऱ्याला परड्यातला न फळणारा माड. अखंड मिळते ती एकच गोष्ट, हद्दीचा वाद. तो प्रत्येक वारसाला सोळा आणे मिळतो, त्यावर मुद्रांक शुल्क नाही आणि तो नको म्हणून हक्कसोड लिहून देणारा माणूस अजून कोकणात जन्मायचा आहे.

असे असूनही नव्या पिढीचे या ठेव्याकडे दुर्लक्ष होते आहे. कोणी चार चिरे आत सरकवून मोकळा होतो, कोणी शेजाऱ्याशी चक्क बोलतो. हे थांबावे म्हणून पुढील मार्गदर्शन. ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या भावबंदांसाठी आहे. देशावर बांध कोरणाऱ्यांनी गडग्याच्या जागी बांध वाचावे.

१. मुहूर्त

जुना गडगा नुसत्या दगडांवर दगड रचून केलेला असतो, त्यात चुना नाही की सिमेंट नाही. त्याचा मोठा दोष म्हणजे तो दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतो आणि दोन्ही घरची माणसे समोरासमोर उभी राहून तो पुन्हा रचतात. अशाने सलोखा वाढतो. तेव्हा गडगा काढून चिऱ्याची पक्की भिंत घालायची ठरवावी.

शेजारचे चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात गावी असतात. म्हणून गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन गाड्यांची गर्दी ओसरली की लगेच लाइनदोरी लावावी, फक्की मारावी आणि चर खणायला घ्यावा. भिंत नऊ इंची असली तरी पाया दोन फूट रुंद लागतो. जास्तीची रुंदी कोणत्या बाजूला न्यायची हे गवंड्याला सांगावे लागत नाही; ज्याच्या घरचा चहा तो पितो त्याच्या विरुद्ध बाजूला ती आपोआप जाते. जमिनीखालचे कोणाला दिसत नाही, अशी मनाची समजूत घालावी. मुंबईला मात्र ते त्याच संध्याकाळी दिसते, कारण वाडीतला कोणीतरी फोटो पाठवतोच.

२. कागद

फोन आला की सातबारा काढावा. सातबारा क्षेत्र सांगतो. हद्दीची रेघ कुठून जाते ते सांगत नाही. त्यामुळे दोघांच्याही हातात सातबारा असतो आणि दोघेही बरोबर असतात. जिथे रेघ खरोखर काढलेली असते तो नकाशा शक्यतो बाहेर काढू नये.

हिशेबही करू नये, पण सावधगिरी म्हणून येथे देतो. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूट. चाळीस फूट लांबीच्या गडग्यावर वादाची रुंदी एक वीत, म्हणजे नऊ इंच धरली, तर जागा होते ३० चौरस फूट. गुंठ्याचा छत्तिसावा भागही नाही. दोन चुलतभाऊ लहानपणी झोपत तसे एकमेकांना चिकटून झोपले, तर तेवढ्या जागेत मावतील. हा विचार मनात आल्यास ताबडतोब पुढच्या टप्प्याकडे वळावे.

३. मोजणी

पाया भरून झाल्यावर मोजणीचा अर्ज करावा. आधी केल्यास वादाला जागाच उरत नाही. अर्ज भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षकांकडे जातो, लगतच्या धारकांना नोटिसा निघतात आणि नेमल्या दिवशी भूकरमापक येतो. त्या दिवशी जमेल तेवढी माणसे गोळा करावीत. एक म्हातारा हवाच. तो काठीने करवंदीची जाळी दाखवून म्हणतो, “सर्व्हेचा दगड हयसर होतो.” जाळी तोडली की खाली दगड सापडतो. मग तो सर्व्हेचा की जुन्या गोठ्याच्या पायरीचा, यावर जेवणाची वेळ टळेपर्यंत चर्चा करावी.

“अरे आप्पा, एक वीत तर आहे,” असे थोरला म्हणेल.

“वीत तुझी की माझी, ते आधी ठरव दादा,” असे धाकट्याने म्हणावे.

आता सायबाच्या हातात उपग्रहाशी बोलणारे रोव्हर यंत्र असते. ते सेंटिमीटरमध्ये बोलते म्हणून घाबरू नये. निकाल आपल्या बाजूने लागला तर यंत्र आधुनिक, विरुद्ध लागला तर “आमच्या आजोबांच्या वेळी साखळीने मोजलेले, ते खरे.” मोजणी मान्य नसल्याचे जबाबात लिहून सही करावी. यानंतर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते आणि तीही पटली नाही तर जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना. वाद करणाऱ्याची सरकारने इतकी काळजी दुसऱ्या कोणत्या बाबतीत घेतलेली नाही.

४. फांद्या फोडणे

नुसत्या एका वितीवर दोन पिढ्या निघत नाहीत, तेव्हा वादाला फांद्या फुटाव्या लागतात. त्यांच्या पागोळ्या आपल्या अंगणात पडतात. त्यांच्या फणसाची फांदी आपल्या कौलांवर येते; फणस पडला तर नुकसान आपले, पिकला तर गरे त्यांचे. आपण पूर्वीच्या बेड्यातून विहिरीवर जात होतो, तिथे आता भिंत आली. उजेड, वारा, वाट यांची वीस वर्षांची उघड आणि अखंड वहिवाट असली तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क सांगता येतो. शेताच्या बांधावरून जायच्या वाटेसाठी जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे आणि असलेली वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली असे वेगवेगळे अर्ज करता येतात. एका भिंतीतून तीन प्रकरणे निघाली की घर भरल्यासारखे वाटते.

५. देव, पोलीस, कोर्ट

ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालावे. प्रतिपक्षही त्याच देवाला, त्याच गुरवाकरवी गाऱ्हाणे घालून गेलेला असतो. देवाची अडचण आपण समजून घेऊ नये. शिवीगाळ झाल्यास पोलीस ठाण्यात जावे. तिथे बहुधा अदखलपात्र नोंद होते. तिचा कागद घडी घालून देव्हाऱ्यात ठेवावा.

त्यानंतर दिवाणी दावा आणि मनाई हुकुमाचा अर्ज. समोरच्याला एकतर्फी हुकूम मिळू नये म्हणून कॅव्हेट दाखल करावे; ते ९० दिवस टिकते, पुढे नवीन करावे. कोर्टाने कमिशनर नेमला की पुन्हा मोजणी, पुन्हा करवंदीची जाळी, पुन्हा म्हातारा. तो नसल्यास त्याचा मुलगा. जिल्हा न्यायालयात हरल्यावर खचू नये. पूर्वी पुढच्या अपिलाला मुंबई गाठावी लागे; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याच कक्षेत येतात. अंबाबाईचे दर्शन आणि तारीख एकाच एसटीच्या तिकिटात होते.

६. टाळायचे धोके

गावच्या तंटामुक्ती समितीपासून दूर राहावे. २००७ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेल्या मोहिमेत अनेक कसदार वाद अकाली मिटले. लोकअदालत त्याहून घातक. तिथल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते. फी परत मिळाल्यावर लढायचे कशासाठी?

सगळ्यात मोठा धोका बायकांकडून असतो. पुरुषांचे बोलणे बंद झाल्याला सहा वर्षे होतात, तरी काकी भिंतीवरून घावन्यांचे ताट पलीकडे देते आणि पलीकडची वहिनी रिकामे ताट परत न पाठवता त्यात चार रतांबे घालून देते. हा व्यवहार उघडकीस आल्यास भिंतीची उंची दोन चिऱ्यांनी वाढवावी.

७. ज्यांना वाद नकोच, अशांसाठी

असे वाचक थोडे, पण त्यांचीही सोय करायला हवी. पाया खणायच्या आधी हद्द कायम मोजणी करून घ्या आणि मोजणीची ‘क’ प्रत जपून ठेवा. खुणांचे दगड दोघांच्या समोर पक्के रोवा. भिंत एकट्याची असेल तर तिचा पाया पूर्णपणे स्वतःच्या हद्दीत ठेवा. सामाईक असेल तर खर्च, दुरुस्ती, पागोळ्यांचे पाणी आणि वाट यांचे आधी लेखी ठरवा. बांधकामाला परवानगी लागते का, ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि मोजणीची नोटीस पोहोचायच्या आधी शेजाऱ्याला स्वतः जाऊन सांगा. नोटिशीला तालुक्याहून यावे लागते. तुम्हाला फक्त अंगण ओलांडायचे आहे.