रिझर्व्ह बँकेने नोंद घ्यावी असा बाप

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरात एक नवी वित्तसंस्था कामाला लागते. तिची रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी नाही, अदालत रोडवर शाखा नाही, काचेच्या केबिनमध्ये बसणारा मॅनेजर नाही. इस्त्री मोडलेला पांढरा शर्ट, टाचणी लावलेली झेरॉक्सची गड्डी आणि कॅरीबॅगेत गुंडाळलेली मुलीची मार्कशीट, एवढंच तिचं भांडवल. गंगापूर, कन्नड, फुलंब्रीहून सकाळच्या एसटीने ही संस्था शहरात उतरते आणि दुपारपर्यंत आपला एकमेव व्यवसाय उरकते: राज्य सरकारला बिनव्याजी कर्ज देणे.

या संस्थेला घरात ‘बाप’ म्हणतात.

सरकारला कर्जाची गरज पडावी, असं कागदावर तरी काही दिसत नाही. कागद फार उदार आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने त्याच मर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला अडीच लाखांची अट. फ्लेक्सवर मात्र दोनच शब्द मावतात: ‘मोफत शिक्षण’. ट्यूशन आणि परीक्षा सोडून बाकीची फी, खोली, मेस, बसपास, ड्रॉइंग शीट आणि लॅपटॉप हे सगळं त्या दोन शब्दांच्या बाहेर राहतं. फ्लेक्सवाल्याने तरी किती लिहायचं?

मग कॉलेजच्या खिडकीवर कर्जवाटप सुरू होतं.

‘काका, सध्या पूर्ण भरून टाका. स्कॉलरशिप आली की परत मिळतील.’

‘कधी येईल?’

‘शासनाचं आहे ना काका. येईल.’

पात्र मुलींकडून माफीची रक्कम आधी घेऊ नका, अशा सूचना सरकारने कॉलेजांना दिलेल्या आहेत. पण खिडकीतल्या कारकुनालाही एकट्याला दोष देता येत नाही. संस्थेचे मागचे पैसे सरकारकडे अडकलेले असतात, पगार तर दरमहा द्यावा लागतो. म्हणून संस्था बापाकडे वळते आणि बाप उधारीकडे.

पुढचा प्रवास शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठीच्या महाडीबीटी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, सगळं अपलोड करायचं. अर्ज कॉलेजच्या टेबलावर पोचतो, तिथून पुढच्या टेबलावर, आणि दाखल्याचा फोटो अंधुक असेल तर ‘सेंड बॅक’ होऊन मुलीकडे परत. आधारला जोडलेलं खातं दुसऱ्याच बँकेत निघालं तर पैसे तिसरीकडे. नेटकॅफेवाला एका अर्जाचे पैसे घेतो, दुरुस्तीचे वेगळे. अखेर स्टेटस बदललेलं दिसतं तेव्हा मुलगी बऱ्याचदा पुढच्या वर्षात गेलेली असते आणि बाप पुढच्या वर्षाचं कर्जवाटप करून बसलेला असतो.

राहण्या-जेवणाचा हिशेब तर जपूनच वाचावा. २०१६-१७ साली सुरू झालेल्या स्वाधार योजनेत, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला संभाजीनगरसारख्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१ हजार ठरले. त्यात निवासाचे १५ हजार, म्हणजे महिन्याला १,२५०. औरंगपुऱ्यात कॉट बेसिसवर चौघांत एक खाट शोधणाऱ्या पोराने हा आकडा घरमालकाला सांगून पाहावा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत इंजिनिअरिंगच्या वसतिगृहवासी मुलाला वर्षाला १३,५०० रुपये भत्ता मिळतो. महिन्याचे १,१२५. हा आकडा ठरवणारे साहेब कुठल्या मेसला जेवतात ते कळलं, तर अख्खं विद्यापीठ तिथे खातं उघडेल.

उरली बँक. नियम सांगतो, ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नको. साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्याच्या वर तारण. शाखेत गेलं की बापाचा सिबिल निघतो आणि दुष्काळातलं थकलेलं पीककर्ज सगळ्यात आधी स्क्रीनवर येतं. नुसता सिबिल कमी म्हणून विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळू नका, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं. पण केरळ लांब आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीनदार नको, फक्त प्रवेश मानांकनातल्या निवडक संस्थांपैकी (सुरुवातीला ८६०) एकीत हवा. आयआयटीत पोचलेल्या पोराला बँक तशीही खुर्ची देते. यादीबाहेरच्या कॉलेजातल्या पोराने मानांकन सुधारेपर्यंत थांबावं.

या शहराला खरं तर शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचं वावडं असायला नको. १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय उभं करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते बडोदे संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली आणि अमेरिकेनंतर लंडनला सुरू केलेला अभ्यास १९१७ मध्ये अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५,००० रुपये यांच्या जोरावर. भथेनांनी सिबिल पाहिला नाही, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं मानांकनही विचारलं नाही.

सध्या अर्जाच्याच दिवशी पैसे देणारी एकच योजना चालू आहे, ती सराफ्यात. उत्पन्नाची अट नाही, सेंड बॅक नाही. आईच्या गळ्यातलं काढून काट्यावर ठेवलं की काम झालं. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं जेवावीत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. तेव्हा त्याला त्याग म्हणत. आता गोल्ड लोन म्हणतात.

आयकर खातं करदात्याचे जास्तीचे पैसे उशिरा परत करतं, तेव्हा दरमहा अर्धा टक्का व्याज देतं. कायद्यातच तशी तरतूद आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं व्याजही जुन्या करपद्धतीत आठ वर्षं उत्पन्नातून वजा करता येतं. सावकाराला किंवा सराफाला दिलेलं व्याज मात्र त्यात बसत नाही. शिष्यवृत्ती उशिरा आली तर बापाला फक्त मुद्दल मिळतं, तेही आलं तर. उच्च शिक्षण खात्याने यंदा एवढंच करावं: कॉलेजच्या पावतीवरच्या तारखेपासून हिशेब धरून त्यालाही तोच अर्धा टक्का लावावा.