आतल्या गाठीचा जबडा

माणसाचा वरचा जबडा भोळा आणि खालचा आतल्या गाठीचा. हे मला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. वरचं हाड सच्छिद्र. दाताच्या मुळाशी औषध सोडलं की ते झिरपून दाताच्या नसेपर्यंत पोचतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट. तिथे खिडकीवर कितीही अर्ज टाका, आत दाद लागत नाही. साहेब कचेरीत शिरायच्या आधीच त्यांना मागच्या दाराशी गाठावं लागतं. खालच्या दातांची नस जबड्याच्या आतल्या अंगाने, पार मागे, एका छिद्रातून हाडात शिरते. त्या छिद्रापाशी औषध सोडायचं, याला म्हणतात ब्लॉक. मग त्या बाजूचे खालचे सगळे दात गप्प.

अडचण एवढीच, की ते छिद्र दिसत नाही. बाईंनी अंगठ्याने जबड्याच्या कडेचा खळगा चाचपला, सिरिंज पलीकडच्या दातांवरून तिरपी आत आणली, सुई हाडाला टेकताच किंचित मागे घेतली, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहिलं आणि औषध सावकाश सोडत म्हणाल्या, "काका, पाय कशाला आवळताय? इंजेक्शन तोंडात आहे."

औषध लिग्नोकेन. रक्तवाहिन्या आकसून ते जागेवरच टिकावं म्हणून त्यात थोडं ॲड्रिनॅलिन घालतात. घाबरल्यावर शरीर आपण होऊन बनवतं, तेच हे. ते मी घरूनच भरपूर आणलं होतं.

या औषधांच्या आद्य मंडळींनी सुई आधी स्वतःला लावून घेतली, हे वाचल्यावर मात्र माझी कुरकुर निम्म्यावर आली. न्यूयॉर्कच्या विल्यम हॉलस्टेड यांनी १८८४-८५च्या सुमारास कोकेन टोचून हा ब्लॉक साधला आणि स्वतःवरच्या प्रयोगांत कोकेनच्या व्यसनात अडकले. स्वीडनमध्ये १९४३ साली निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं, तेव्हा त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःलाच टोचून पाहिलं.

थोड्या वेळाने माझा खालचा ओठ आणि जीभ बरोबर मध्यरेषेपर्यंत बधिर झाली. ओठ सुजून लोंबतोय अशी खात्री. आरशात तो होता तेवढाच. "ओठ जड झाला?" बाईंनी विचारलं. मी ठामपणे "नाही" म्हणालो. पण तोंडातून जे काही बाहेर पडलं, ते ऐकून त्या समाधानाने कामाला लागल्या. दाढ हलताना दाब जाणवला. दुखलं मुळीच नाही.

या ब्लॉकला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे उशीर. दाढ आतून पेटली, की हेच औषध पुष्कळदा तोकडं पडतं. आपण मात्र महिनोन्‌महिने लवंग दाबून धरतो, गाल फुगल्यावर दवाखान्यात जातो आणि बाहेर येऊन सांगतो, "इंजेक्शनमध्ये काही दम नाही!"

तेव्हा दाढ कुरकुरली की लगेच जा. नंतर बधिरपणा उतरेपर्यंत दोन-चार तास गरम चहा नको, ओठ चावणं नको. आणि कुणाशी वाद तर मुळीच घालू नका. मुद्दा कितीही बिनतोड असला, तरी उच्चार दगा देतील.