विंचवाचे चारचाकी बिऱ्हाड

ज्या वाहनात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि देहधर्माची सोय कायमची बसवलेली असते त्याला मोटारहोम म्हणतात; मात्र ही व्याख्या वाहन उभे असतानाच खरी ठरते, कारण ते धावू लागले की झोप, स्वयंपाक आणि देहधर्म ही तिन्ही कामे सारख्याच धाडसाची होतात. महाराष्ट्र शासन या वाहनाला 'कॅराव्हॅन' म्हणते आणि २०२१ साली शासनाने त्यासाठी स्वतंत्र पर्यटन धोरणही आणले. लोकभाषेने त्याची नोंद 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीत फार पूर्वीच करून ठेवली होती; फरक इतकाच की विंचवाला पासिंग, विमा आणि फास्टॅग लागत नाही.

विंचवाला आणखी एक गोष्ट लागत नाही, ती म्हणजे सांडपाण्याची टाकी. मोटारहोमच्या पोटाखाली अशा दोन टाक्या असतात. भांडी आणि आंघोळ यांचे ते 'करडे पाणी' आणि शौचालयाचे ते 'काळे पाणी', अशी या व्यवसायातील परिभाषा आहे. दुसरी संज्ञा इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली असली तरी मराठी कानाला ती अंदमानची शिक्षा वाटते, आणि टाकी रिकामी करण्याचे काम कुटुंबात ज्याच्या वाट्याला येते त्याचा चेहरा पाहता हा अर्थ अगदीच चुकला असे म्हणवत नाही. पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या तळाला 'कॅराव्हॅन पार्क' म्हणतात. असा तळ जवळ नसला की पुढचा मुक्काम कोठे करायचा हे देवळे पाहून नव्हे, तर टाकी पाहून ठरते.

वाशीम जिल्ह्यात मात्र चालते घर नवलाई म्हणून मिरवणे कठीण आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. तेथे सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी समाजाच्या वारशाचे संग्रहालयही सुरू झाले आहे. 'तांडा' हा शब्द आज स्थिरावलेल्या बंजारा वस्तीसाठी वापरला जातो, पण मुळात तांडा म्हणजे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून, बायकामुले, कुत्री आणि चुलीसह मुलूखभर चालणारे अख्खे गाव. या मालवाहतुकीला 'लदेणी' म्हणत आणि गावाच्या प्रमुखाला 'नायक'. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला तर तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावे लागते, अशी कुरकुरही केली आहे. घर घेऊन हिंडणाऱ्यांमुळे रस्ता अडतो ही तक्रार त्यामुळे निदान साडेतीनशे वर्षांची तरी मानावी लागते. रेल्वे आली आणि लदेणी संपली. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि बंजारा समाजाचे नाव महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांचे फिरणे हाच धंदा होता त्यांना राज्यकर्त्यांनी एका जागी बसवले, आणि ज्यांचा एका जागी बसण्याचा धंदा आहे त्यांनी सुट्टीत फिरावे म्हणून धोरण आखले. हिवाळ्यात ऊसतोडीला निघालेले कुटुंबही चूल, भांडी आणि लेकरे घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत महिनोन्‌महिन्यांसाठी बसते, पण त्याला पर्यटन म्हणण्याचे अजून कोणाच्या मनात आलेले नाही. बहुधा ट्रॉलीत सोफा-कम-बेड नसतो म्हणून असेल.

प्रवासाचा आणि वाशीमचा संबंध याहूनही जुना आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कित्येक लेणी घडली. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' रचली. तीत काव्यपुरुष रुसून निघून जातो आणि त्याला वश करण्यासाठी गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग चालू लागते. पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत, जिथे ती जाते तिथे तिचा वेष, तिचे नृत्यगीत आणि तिच्या बोलण्याची धाटणी पालटते. शास्त्रात या तिन्हींना अनुक्रमे प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती अशी नावे आहेत. काव्यपुरुषाचा रुसवा मुलुखागणिक थोडा थोडा विरघळतो आणि अखेर वत्सगुल्मात दोघांचा गांधर्वविवाह होतो.

हा सारा योग जुळून आला तो दोघांमध्ये अंतर होते म्हणून, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मोटारहोमात रुसलेल्या माणसाला फार तर चालकाशेजारच्या आसनापर्यंत जाता येते आणि तेथूनही परत यावे लागते, कारण पाण्याची बाटली मागे राहिलेली असते. रुसव्याला पुरेसा भूगोल लागतो. वीस फुटांच्या डब्यात काव्यपुरुष पहिल्याच मुक्कामाला समजुतीवर आला असता, आणि समासांचा बोजा टाळणारी, कानाला गोड लागणारी वैदर्भी रीती जन्मालाच आली नसती. (प्रस्तुत लेखाची वाक्ये त्या रीतीत बसत नाहीत, हे मान्य करावे लागेल.)

समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. स्थलदर्शनाच्या दृष्टीने मात्र तो कुचकामी आहे, कारण त्यावरून दिसते ती फक्त समृद्धी. काही पाहायचे तर खाली उतरावे लागते: कारंजा लाड येथे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जुनी जैन मंदिरे, जवळच सोहोळच्या अभयारण्यातील काळवीट, आणि मग वाशीम शहर. भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' या ग्रंथात पृथ्वीची मध्यरेषा, म्हणजे जिच्यापासून इतर गावांचे पूर्व-पश्चिम अंतर मोजायचे ती रेषा, ज्या स्थळांवरून नेली त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्मही आहे. आजच्या मापनानुसार वाशीम उज्जैनच्या एक अंशाहून अधिक पूर्वेला भरते. मोबाइलमधील नकाशाच्या सांगण्यावरून ज्याने आपले साडेनऊ फूट उंचीचे घर बालाजी मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत घातले असेल, त्याने मात्र या चुकीला हसू नये.

कारण त्या गल्लीत शिरले की पुढे जाता येत नाही आणि मागे काही दिसत नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने केवळ हौसेखातर दोन घोड्यांचे फिरते घर बांधून घेतले, तेव्हा रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. वाशीमला असा नोकर पगारी ठेवावा लागत नाही. पडदे ओढलेले लांबलचक पांढरे वाहन थांबलेले दिसताच पहिल्यांदा तो प्रचाररथ आहे असा तर्क होतो, मग फिरता दवाखाना असल्याचा, आणि एखादे आजोबा दाराशी येऊन "बीपी तपासता काय हो भाऊ?" असे विचारतात. आत पलंग, शेगडी आणि शौचालय असल्याचे कळल्यावर "म्हंजे घरी काही नाही काय तुमच्या?" हा पुढचा प्रश्न येतो, आणि त्याला पर्यटन धोरणात उत्तर दिलेले नाही. एवढ्यात किराणा दुकानाच्या पायरीवरून एक जण उठतो, पानठेल्यावरून दुसरा येतो, दोन शाळकरी मुले विजेच्या तारेवर नजर ठेवायला कोपऱ्यावरच्या ओट्यावर चढतात, बीपीवाले आजोबा काठी आडवी धरून मागची दुचाकी थोपवतात, आणि पाचही जण पाच दिशांना हात हलवत एका सुरात सांगू लागतात : येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या.