जर्सीचा भाचा, अर्नाळ्याचा जवळा

आमच्या अक्काचा मुलगा जर्सीत नोकरीला लागला तेव्हा अक्काने पेढे वाटले ते न्यू जर्सीचे. तिला वाटलं, पोरगा घाईत 'न्यू' गाळतो. दोन महिन्यांनी उलगडा झाला, की हे प्रकरण अमेरिकेत नाहीच. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, ११८ चौरस किलोमीटरचं एक बेट आहे. वस्ती लाखभर. आणि १६६४ मध्ये अमेरिकेतल्या त्या भागाला 'न्यू जर्सी' हे नाव पडलं तेच मुळी या बेटावरून. म्हणजे आमचा भाचा अस्सल, मूळ जर्सीत. पण ही इज्जत सोसायटीत टिकेना. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "न्यूमध्ये जागा परवडली नाही का हो?" वसईत नवीन टॉवर आणि रीसेलचा फ्लॅट एवढे दोनच जगाचे भाग आहेत, त्याला काकू तरी काय करणार?

बेट पटकन कळलं ते फक्त गावाकडच्या चुलतभावाला. त्याच्या गोठ्यात तीन जर्सी गाई आहेत. "म्हणजे आपला पोरगा गाईच्या माहेरी गेला म्हण की!" असं म्हणून तो इतका हरखला, की मीही मग थोडं वाचलं. जात शुद्ध राहावी म्हणून १७८९ मध्ये त्या बेटावर बाहेरची गुरं आणायला कायद्याने बंदी घातली होती. हे ऐकून चुलतभाऊ गंभीर झाला. "बाहेरची गाय आत घेत नाहीत, आणि आपल्या पोराला घेतलं?"

गेल्या मे महिन्यात हा भाचा वसईला आला तो कमरेएवढी उंच बॅग घेऊन. मला वाटलं, मामासाठी काहीतरी मोठंच आणलंय. उघडली तर चौदा काठ्या.

"चौदाच का?"

"मामा, चौदापेक्षा जास्त चालत नाहीत. नियम आहे."

आम्ही अख्खं लहानपण एका दांडूवर काढलं, तोही बाबांच्या हाती लागू नये म्हणून माळ्यावर लपवलेला.

त्या बेटाची लांबी विरार ते नायगाव अंतरापेक्षा थोडी जास्त, आणि त्यात गोल्फची मैदानं पाच-सहा! आलेला पाहुणा म्हणे आज हे मैदान, उद्या ते मैदान असा आठवडा काढतो. जसं आपल्याकडे अष्टविनायक. भाच्याने सहज विचारलं, "मामा, इथे जवळ कुठे आहे?"

आता 'जवळ' या शब्दाचा विरारकडचा अर्थ त्याला सांगायचा कसा? चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ पासूनचा. खारघरला सिडकोचं मैदान आहे. पण तिथे पोचायचं तर आधी ही बॅग लोकलमध्ये चढवायची. सकाळी आठच्या चर्चगेट फास्टमध्ये चौदा काठ्या घेऊन चढणाऱ्या माणसाचं गोल्फ वसई रोडच्या फलाटावरच आटोपतं. आणि वसईत म्हणाल, तर अठरा होलना शंभर-सव्वाशे एकर लागतात. आमच्याकडे एकरभर मोकळी जागा दिसली तरी पहिल्या आठवड्यात तारेचं कुंपण, दुसऱ्यात मातीचा भराव आणि तिसऱ्यात 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असा फलक लागतो.

पण मामा म्हणून माघार घेणं बरं दिसेना. म्हटलं, "बेट हवंय ना? चल." वसईसुद्धा एकेकाळी बेटच होती, सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली म्हणून आता चालत येता येतं, वगैरे भाषण मी विरारहून अर्नाळ्याच्या रिक्षात दिलं. चौथ्या सीटवर बॅग होती. रिक्षावाल्याने तिचे वेगळे पैसे घेतले.

अर्नाळ्याला सुरूच्या झाडांपुढे किनारा, आणि समोर, वैतरणेच्या मुखाशी, किल्ल्याचं बेट. होडीत बसायचं तर गुडघाभर पाण्यात चालत जायचं. बॅग डोक्यावर घेऊन भाचा निघाला तेव्हा होडीतल्या बायकांनी टोपल्या सरकवून त्याला जागा दिली. एकीने काठ्यांकडे नीट पाहून विचारलं, "गळ का रे, बाला?"

"गळ नाही मावशी, खेळायचं आहे."

"एवढ्याने?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

१७३७ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतला आणि दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, अष्टकोनी तळं आणि चक्क भाजीचे वाफे. भाच्याने तटावरून वाफे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत हिरवळ चमकली. मी त्याला तिथेच दटावलं. पोर्तुगीज तोफा परवडल्या, पण वांग्याच्या वाफ्यात चेंडू गेलेला चालायचा नाही.

शेवटी बाहेरच्या वाळूवर जागा ठरली. चार-पाच पोरं आपोआप जमली. होल किती मोठं हवं, असं त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "सव्वाचार इंच. जगभर तेवढंच." पोरांनी टाच रोवून गर्रकन फिरवली आणि गल तयार. मोजायला पट्टी नव्हती, पण गोट्यांच्या गलीपेक्षा फार वेगळी मला ती वाटली नाही.

मग भाच्याने पवित्रा घेतला. पाय जुळवले, ढुंगण हलवलं, समुद्राकडे पाहिलं, पुन्हा हलवलं. पोरं श्वास रोखून होती. काठी फिरली आणि चेंडू भलतीकडेच निघाला. तिकडे माणसं होती म्हणून भाचा रीतीप्रमाणे ओरडला, "फोर!"

"कसला फोर? टप्पाच नाही पडला," एक पोरगा म्हणाला, "सिक्स आहे!"

टप्पा पडला तो वाळत घातलेल्या जवळ्यात. चटईएवढा पसरलेला गुलाबी जवळा आणि त्याच्या बरोबर मध्ये पांढरा चेंडू, जेवणाच्या ताटात लिंबाची फोड ठेवावी तसा. शेजारी कावळे हाकायला बसलेली आजी. तिने चेंडूकडे पाहिलं, मग आमच्याकडे. भाच्याने मला इंग्रजीत कानात सांगितलं, की नियमाने चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा असतो. मी ते आजीला मराठीत सांगितलं. माझी चूकच झाली.

"मार," आजी म्हणाली. "मारूनच बघ."

भाच्याने चेंडू हाताने उचलला. एक दंडाचा फटका, असं तो पुटपुटला. आजीने दंड वेगळा लावला, दोन किलो जवळा. पिशवी नव्हती, म्हणून तो बॅगेच्या दोन कप्प्यांत भरला.

मग सावलीत बसून त्याने पोरांना हॅरी व्हार्डनची गोष्ट सांगितली. जर्सीतल्या ग्रूव्हिल गावात १८७० मध्ये जन्मलेला हा माळ्याचा पोर. तो सात-आठ वर्षांचा असताना काही शहाणी माणसं आली, गावाच्या सामाईक माळावर खुणा करून गेली आणि १८७८ मध्ये तिथे गोल्फ सुरू झालं. पोरं साहेबांच्या काठ्या उचलू लागली. विकतची काठी कुठली मिळायला? त्यांनी झाडाच्या फांद्या तासल्या, चेंडू म्हणून पांढऱ्या गोट्या घेतल्या आणि आपलं छोटं मैदान आखलं. त्यातला हॅरी पुढे ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला. तेवढं आजवर कुणालाच जमलेलं नाही.

हे मी मराठीत सांगत होतो. मघाचा सिक्सवाला पोरगा ऐकता ऐकता वाळूतलं एक वाकडं लाकूड तपासत होता. त्याने विचारलं, "मग गावाचा माळ परत मिळाला काय?"

भाच्याने डोकं खाजवलं. पोरगा उठला, वाहून आलेल्या त्या लाकडाने त्याने चेंडू ढकलला आणि वीस पावलांवरच्या गलीत घातला. ढुंगण अजिबात न हलवता. तेवढ्यात होडीवाल्याने हाक मारली, पाणी उतरत होतं. चेंडू बेटावरच राहिला.

घरी आल्यावर अक्काने जवळा ताटात ओतला, तराजूत घातला, आणि त्या आजीच्या सात पिढ्या काढल्या. अर्धा किलो कमी भरला होता. "तुम्हा दोघांचे चेहरे बघूनच मापात मारलंन तिने!" मी दोन दिवस आजीची बाजू घेतली, मग मलाही शंका येऊ लागली.

भाचा परत गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, आवाज दबलेला. क्लबात एका म्हाताऱ्या साहेबाचा कुत्रा आहे, तो म्हणे बॅगेपाशी ठाण मांडून बसतो, काही केल्या हलत नाही. साहेबांनीही दोनदा हुंगून पाहिलं. शेवटी भाच्याने बॅग उलटी केली, तर बाजूच्या चेनच्या कप्प्यात, हातमोज्याखाली...

"काय म्हणतोय?" अक्काने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी सांगितलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"टाकू नकोस रे! कांद्यावर परत. कोकम आहे ना तुझ्याकडे?"